बसऱ्याला गेलेल्या पूर्वजांचा शोध

कुलवृत्तान्त लिहिण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. ज्या घराण्यांकडे सनदा होत्या, वतनपत्रे होती, निदान जुन्या पत्रांचा एखादा रुमाल माळ्यावर पडलेला होता, त्यांचे इतिहास लिहिले गेले आणि छापलेही गेले. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले आणि १८९८ पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड काढले. पुढे १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. या थोर उद्योगाचे ऋण आपण सर्वजण मानतो. परंतु त्यात भेटतो तो सरदार, सरंजामदार, नाही तर कारकून. ज्याच्या घरात कागदच नव्हता आणि ज्याला सहीऐवजी अंगठा उठवावा लागत होता, त्या साध्या शिपायाचा वृत्तान्त कोणी लिहावा आणि कशाच्या आधारे लिहावा? या प्रश्नाचा विचार एका घराच्या, म्हणजे माझ्याच घराच्या उदाहरणावरून करण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम काळाचे भान हवे. १९१४ ते १९१८ ही वर्षे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. १९१४ साली लोकमान्य मंडालेहून सुटले, एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला त्यांच्या होमरूल लीगची स्थापना झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस लखनौ करार झाला. हे सर्व आपल्याला पाठ असते. पण त्याच एप्रिल महिन्याच्या २९ तारखेला तैग्रिस नदीकाठच्या कूट या गावी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती सापडली, त्यांत हिंदी शिपायांचा भरणा मोठा होता, आणि त्यांपैकी पुष्कळजण सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर या मुलखांतील होते, ही गोष्ट आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? ही दोन्ही माणसे, बेळगावच्या मंडपातली आणि कूटच्या खंदकातली, एकाच मुलखातली होती. एकाचा इतिहास झाला, दुसऱ्याची घरात केवळ एक ओळ उरली: ‘बसऱ्याला गेला.’

त्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० कामी आली. युद्ध संपल्यावर सरकारने ज्या गावांतून बरीच माणसे गेली होती अशा अनेक गावांत संगमरवरी शिळा बसवल्या. चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत त्या आजही दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर तीवर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे ४६ जवान त्या युद्धात पडले, म्हणून त्याला आजही ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. परंतु शिळेवर आकडा असतो, नावे नसतात. शिपाई पूर्वजाचा शोध म्हणजे या आकड्याला पुन्हा नाव मिळवून देणे, अशी मी त्याची व्याख्या करतो.

हा शोध मी का घेतला तेही सांगितले पाहिजे. माझे खापरपणजोबा १९१४ नंतर पलटणीतून परदेशी गेले ते परत आले नाहीत. खापरपणजीने एका मुलाला वाढवले. तिला माझ्या आजोबांनी लहानपणी पाहिलेले आहे. भावकीत मात्र एक वेगळीच गोष्ट चालत आली होती: हा माणूस लढाईत मेलाच नाही, त्याने बसऱ्याला दुसरे घर थाटले. ही गोष्ट चार पिढ्या टिकली. लग्नकार्यात, बांधाच्या भांडणात ती हटकून वर निघे. गेलेल्या माणसाचे त्यात काही बिघडत नव्हते. बोल लागत होता तो मागे राहिलेल्या बाईला. तेव्हा खरे काय, हे शोधणे हे मला केवळ हौसेचे काम वाटले नाही. मात्र उत्तर आधी ठरवून पुरावा शोधायचा नाही, असे आमच्या इतिहास विभागातील सरांनी सुरुवातीलाच बजावले होते. दुसरे घर खरे निघाले असते, तर तेही येथे लिहिलेच असते.

घर हेच पहिले दप्तर

आपल्याकडे शोध म्हटले की लोक एकदम मुंबई-दिल्लीकडे पाहतात. वास्तविक आरंभ घरातून करावा. वृद्धांना विचारावे आणि ते जे शब्द वापरतील तेच शब्द जसेच्या तसे टिपून घ्यावेत, आपल्या समजुतीने ते सुधारू नयेत. माझे आजोबा म्हणाले, “म्हातारी सांगायची, पाचव्या पलटणीत होते.” हा एक शब्द केवढा कामाचा आणि केवढा फसवा आहे पाहा. १९२२ साली लष्कराची पुनर्रचना झाली आणि जुन्या मराठा पलटणी एकत्र करून जी रेजिमेंट बनली तिचे नावच ‘५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ असे पडले. तीत जुनी १०३ वी ही पहिली, १०५ वी ही दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी आणि ११७ वी पाचवी पलटण झाली; ११४ वी ही शिक्षणाची पलटण म्हणून १० वी ठरली. म्हणजे ‘पाचवी’ हे साऱ्या रेजिमेंटचेही नाव, आणि जुन्या ११७ व्या पलटणीचेही. त्यात भर म्हणजे जुन्या १०५ व्या पलटणीला शिपाई पूर्वीपासून ‘काळी पाचवी’ म्हणत आले. एका शब्दाचे तीन अर्थ! शिवाय खापरपणजोबा १९२२ पूर्वीच गेलेले, तेव्हा नंतरचे नाव लोकांनी मागाहून त्यांना चिकटवले असण्याचा संभव होताच.

हा गुंता एका पदकाने सोडवला. त्या युद्धातील शिपायांना साधारणपणे तीन पदके मिळत. ‘१९१४-१५ स्टार’ हा ब्राँझचा तारा, ‘ब्रिटिश वॉर मेडल’ हे चांदीचे पदक, आणि ‘व्हिक्टरी मेडल’. पैकी चांदीचे आमच्या घरी नाही. ते मोडून आजोबांच्या थोरल्या बहिणीला वाळे केले होते. पितळेसारखा दिसणारा तारा तेवढा राहिला, कारण सोनाराच्या लेखी त्याला किंमत नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थ्याच्या लेखी त्याची किंमत मोठी आहे. या ताऱ्याच्या पाठीवर, आणि गोल पदकांच्या कडेवर, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. देवघरात वर्षानुवर्षे हळदकुंकू वाहिल्यामुळे आमच्या ताऱ्याची अक्षरे भरून गेली होती. ओल्या फडक्याने हलकेच पुसून, तिरप्या उजेडात भिंगातून पाहिल्यावर ती लागली: नंबर, शिपाई, नाव आणि ‘११७ मराठा’. (पदक चिंचेने किंवा राखेने घासू नये. अक्षरे झिजतात आणि पुरावा जातो.) आणखी एक गोष्ट त्या ताऱ्यावरून कळली. १९१५ च्या ३१ डिसेंबरपूर्वी प्रत्यक्ष रणभूमीवर पोहोचलेल्यांनाच तो मिळत असे. म्हणजे माणूस त्या तारखेपूर्वी तिकडे होता, हे कोणाच्याही सांगण्यावाचून सिद्ध झाले.

येथे नंबरचे महत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. एकाच पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. शिवाय इंग्रजी कारकुनाच्या कानाला जे ऐकू आले ते त्याने लिहिले. शिंद्यांचे सिंदे झाले, सिंदिया झाले. भोसल्यांचे भोंसला झाले. नाव बदलते, नंबर बदलत नाही.

गावचे कागद

दुसरी पायरी तलाठी कार्यालयाची. शिपायाच्या नावे थोडीशी जमीन असली, तर तो मेल्यावर वारसाची नोंद करावी लागे आणि ती फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, सापडते. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, तीत असते. मात्र परदेशी मेलेल्याची नोंद त्यात सहसा येत नाही, म्हणून फेरफार अधिक उपयोगी. या वह्यांतील जुना मजकूर पुष्कळदा मोडीत असतो. आमचा फेरफार सरांनी वाचून दिला. १९२० सालची ती नोंद आहे. तीत मूळ खातेदार ‘महायुद्धात मयत’ असे लिहून वारस म्हणून अज्ञान मुलाचे नाव लावले आहे, आणि पुढे ‘अ.पा.क. आई’. म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. खापरपणजीचे नाव त्या कागदावर नाही, नुसती ‘आई’ आहे. तरीसुद्धा सरकारदरबारी ती विधवा ठरली होती, टाकलेली बायको नव्हे, हे त्या एका ओळीने सांगितले.

यांखेरीज दक्षिण महाराष्ट्रात घराण्यांच्या वंशावळी सांगत गावोगाव फिरणारा हेळवी, आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, ही दोन साधने विसरू नयेत. शिपायाच्या मृत्यूची तारीख तेथे मिळणार नाही, पण बाप, भाऊ आणि मूळ गाव यांचा ताळा जमतो. एकाच नावाच्या चार शिपायांतून आपला निवडायला हा ताळा लागतोच.

स्मारकांचा हिशेब

तिसरी पायरी परदेशातील नोंदींची. युद्धात मेलेल्यांची थडगी आणि स्मारके राखण्यासाठी १९१७ साली जे मंडळ स्थापन झाले, तेच आजचे ‘कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन’. त्याच्या नोंदी आता संगणकावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत नंबर, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि पुष्कळदा बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. शोधताना जुना भूगोल डोळ्यांपुढे ठेवावा. रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, सिंधुदुर्ग त्याच वर्षापर्यंत रत्नागिरीत होता, सांगलीचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यात होता, आणि फलटण, औंध, भोर, सावंतवाडी ही तर संस्थाने होती.

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि ज्यांचे थडगे माहीत नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला १९२९ साली उघडण्यात आले. (ते १९९७ साली मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर नेण्यात आले.) या स्मारकाच्या भिंतींवर इंग्रज शिपायांची नावे कोरली; हिंदी शिपायांची मात्र कोरली नाहीत. हिंदी अधिकाऱ्यांची तेवढी नावे घेतली, आणि शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव लिहून पुढे मेलेल्यांचा आकडा टाकला. म्हणजे गावच्या शिळेवर आकडा, आणि बसऱ्याच्या भिंतीवरही आकडाच! नावे छापील वहीत राहिली आणि त्या वहीतून आज संगणकावर आली, म्हणून आपल्याला ती मिळतात. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची, नावाअखेर ‘नाक’ असलेल्या महार शिपायांसकट, नावे कोरलेली आहेत. शंभर वर्षांनंतर एवढी विद्या वाढली असता ही रीत मोडावी, याचे आश्चर्य वाटते. दिल्लीच्या इंडिया गेटवर सर्व ७४,००० नावे आहेत असा समज आहे, पण तेथे १३,००० हून थोडी अधिक आहेत.

या विषमतेची चौकशी शेवटी त्या कमिशनने स्वतःच केली. एप्रिल २०२१ च्या अहवालात, हिंदी, आफ्रिकी आणि इतर मिळून ४५,००० ते ५४,००० मृतांना बरोबरीने वागवले गेले नाही असे त्याने मान्य केले, आणि २२ एप्रिल २०२१ रोजी ब्रिटिश संसदेत संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी क्षमा मागितली. दुसऱ्या महायुद्धात हा भेद पुष्कळ कमी झाला होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे नाव कॅसिनोच्या स्मारकावर कोरलेले आहे.

कूटचा वेढा

केवळ नाव सापडले म्हणजे माणूस सापडला असे नव्हे. त्याची पलटण कोठे होती ते पाहावे लागते. हिंदुस्थानातून निघालेली फौज नोव्हेंबर १९१४ मध्ये फाओला उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतला. एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली. मग जनरल टाउनशेंड तैग्रिसच्या काठाने बगदादकडे सरकला. २२ नोव्हेंबर १९१५ पासून टेसिफॉनला मोठी लढाई होऊन त्याला माघार घ्यावी लागली. तो कूटला येऊन थांबला आणि ७ डिसेंबरपासून वेढला गेला. ही पुण्याची सहावी डिव्हिजन होय. तीत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. वेढा १४७ दिवस चालला. धान्य संपत आले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. हिंदी शिपायांनी धर्माच्या व जातीच्या भीतीने ते मांस बरेच दिवस नाकारले आणि ते अधिकच खंगले. घरी कळले तर आपल्याला वाळीत टाकतील, ही भीती त्यांना तोफांच्या गोळ्यांपेक्षा मोठी वाटत होती. यावरून गाव किती लांबवर माणसाच्या मागे जातो ते दिसते.

शरणागतीनंतर शिपायांना बगदाद, मोसल या मार्गे उन्हाळ्यात बहुतेक पायी नेण्यात आले. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपले. इंग्रज शिपाई कैद्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले, हिंदी कैदीही दोन हजारांवर मेले. या कैदेचे वर्णन शिशिर सर्वाधिकारी या बंगाली तरुणाने ‘अभि ले बगदाद’ या पुस्तकात केले आहे. तो रुग्णसेवा पथकात होता आणि स्वतः कैदेत होता.

आता माझ्या खापरपणजोबांची नोंद. नंबर ताऱ्यावरचाच आहे, पलटण ११७, स्मारक बसरा, तारीख ऑगस्ट १९१६ मधली. म्हणजे कूट पडल्यानंतर साडेतीन महिन्यांनी. टेसिफॉनला जखमी झालेल्या काहींना वेढ्यापूर्वी नदीने मागे पाठवले होते. तसे असेल तर मृत्यू एखाद्या इस्पितळात झाला. नसेल तर कैदेच्या वाटेवर किंवा रास-अल-ऐनच्या उन्हात. दोन्ही वाटा शक्य आहेत. ‘दुसरे घर’ मात्र या तारखांत कोठेच बसत नाही. आणि त्या नोंदीच्या अखेरीस एक ओळ आहे. तिच्यात तो कोणाचा नवरा ते लिहिले आहे: खापरपणजीचे नाव, काहीसे वेडेवाकडे, पण तिचेच, आणि पुढे गाव, तालुका, जिल्हा. तिचे नाव छापील असे आजवर मला एवढ्या एकाच जागी आढळले आहे. ती प्रत मी आजोबांना वाचून दाखवली आणि भावकीतही दिली. आता बांधाचे भांडण झाले तर ते बांधापुरतेच राहील.

ज्यांची पलटण नव्हती

लढणाऱ्या शिपायांखेरीज भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले, मजूर असे असंख्य लोक फौजेबरोबर गेले. कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील मुसलमान खलाशी आगबोटींवर होते. पहिल्या युद्धात समुद्रात बुडालेल्या २,००० हून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदर येथील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या २० व २१ क्रमांकाच्या कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये न्यव्ह शापेल येथे लढल्या आणि त्यांची मोठी हानी झाली. १९१७ साली १११ वी महार पलटण उभारण्यात आली, आणि युद्धाची गरज संपताच काही वर्षांत ती मोडली. महारांची रेजिमेंट पुन्हा उभी राहिली ती १९४१ मध्ये, दुसऱ्या युद्धाची गरज पडली तेव्हा. ज्यांच्या घरातील पूर्वज यांपैकी कोठे होते, त्यांनी मराठा पलटणींच्या यादीत शोधून निराश होऊ नये.

दुसऱ्या महायुद्धातील शिपायांचे काम काहीसे सोपे आहे. मराठा रेजिमेंटचे अभिलेख कार्यालय बेळगावला आहे, आणि घरात पेन्शनचे कागद किंवा डिस्चार्ज सर्टिफिकेट असण्याचा संभव अधिक. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करावी.

काय शोधायचे, कशासाठी?

काही मित्र विचारतात, परक्या राज्यासाठी लढलेल्या माणसाचा एवढा अभिमान कशाला? प्रश्न योग्य आहे. माझे उत्तर असे की हा अभिमानाचा विषय नाही, तसाच लाजेचाही नाही. शिपायाचा पगार महिना ११ रुपये होता. १८९६ पासून प्लेग आणि एकामागून एक दुष्काळ सोसलेल्या डोंगरी गावात ११ रुपये रोख ही मोठी रक्कम होती. राज्य कोणाचे, हा प्रश्न त्या माणसापुढे कोणी मांडलाही नव्हता. त्याला वीर ठरवण्याची घाई नको, आणि भाडोत्री म्हणून हिणवण्याचा अधिकार तर आपल्याला मुळीच नाही. तो कोण होता, कोठे गेला, कसा मेला आणि मागे कोण उरले, एवढे खरे-खरे लिहिले तरी पुरे.

लाहोरच्या संग्रहालयात पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या नोंदींची रजिस्टरे ९७ वर्षे पडून होती. २०२१ पासून ती संगणकावर येऊ लागली आणि कितीतरी घरांना आपला माणूस सापडला. आपल्याकडे हे काम आपणच गावोगाव करू शकतो. आमच्या वर्गात निदान दहा-बारा विद्यार्थी अशा गावांतून येतात की जेथे ती संगमरवरी शिळा आहे. प्रत्येकाने सुटीत आपल्या गावच्या शिळेचा मजकूर उतरवून घ्यावा, म्हाताऱ्या माणसांना विचारावे, घरोघरच्या पदकांवरील नंबर टिपावेत आणि शिळेवरच्या आकड्याइतकी नावे भरतात का ते पाहावे. मोडी वाचणारे सर आपल्याकडे आहेत, संगणक ग्रंथालयात आहे. पदके मात्र दरवर्षी मोडीत जात आहेत, आणि सांगणारी माणसेही आपल्यामागे फार काळ थांबणार नाहीत. तेव्हा येत्या सुटीतच आरंभ व्हावा, एवढेच या लेखाचे प्रयोजन.